नानांच्या पानाला छापील संदर्भ

नाना, तुमचं पान गेल्या आठवड्यात काढून टाकलं. मोबाइलवर हल्ली एक ज्ञानकोश असतो, कुणीही त्यात लिहावं, कुणीही दुसऱ्याचं सुधारावं, असा गावजेवणासारखा कारभार. सत्तरी ओलांडल्यावर मीही त्या पंगतीला बसले. शाळा चौथीत सुटली, पण अक्षर मी तुमच्या छापखान्यात शिशाच्या खिळ्यांवर शिकले, उलटं वाचून. ऱ्हस्व-दीर्घाची चूक मला अजून भातातल्या खड्यासारखी दाताखाली येते. आधी चुका वेचल्या, मग नको ती पानं निवडायला लागले. कुणी स्वतःच्या दुकानाची जाहिरात लिहितो, कुणी वर्तमानपत्रातला मजकूर जसाच्या तसा डकवतो, कुणा पुढाऱ्याचा भाचा मामाला 'थोर विचारवंत' करून टाकतो. अशा पानावर आपण सूचना लावायची, लोकांनी काही दिवस बोलायचं, आणि ठेवायचं की काढायचं ते तिथल्या कारभाऱ्यांनी ठरवायचं. माणूस कितीही गुणी असो, त्याच्याविषयी तिसऱ्याच कुणीतरी लिहून कुठंतरी छापलेलं पाहिजे. घरच्यांनी केलेलं कौतुक तिथं चालत नाही.

तुमचं पान लिहिलं तुमच्या नामपूरच्या शिष्यानं. मला अजून दिसतं, पहिल्या दिवशी खिळ्यांच्या केससमोर, त्या खणाखणांच्या पेटीसमोर, उभा राहून तो विचारतोय, "नाना, 'ळ' कोठे शे?" आणि तुम्ही हसताय, "तुझ्या नाकासमोर शे!" त्याच केससमोर मी त्याच्या आधी चार वर्षं उभी होते, माझ्याशी तुम्ही असे कधी हसला नाहीत. एकदा मी फर्मा, जुळवलेल्या मजकुराची ती लोखंडी चौकट, आवळायला घेतला तर हातातली किल्ली काढून घेतलीत. "पोरी, हात काळे करू नको, उद्या पाहुणे बघायला यायचेत." पाहुणे आले, पोहे खाऊन नकार कळवून गेले. तुमची स्वतःची स्टिक, खिळे ओळीत धरायची ती पट्टी, तुम्ही त्याला दिलीत. मला दिवाळीला साडी. साडी चांगली होती, खोटं कशाला बोलू. पण ती नेसताना डोळ्यांपुढे ती पट्टीच होती.

पान त्यानं जीव ओतून लिहिलं होतं. घोटीच्या तांदूळवाल्यांच्या लग्नपत्रिका, ओझरच्या कारखान्यातल्या हौशी नाटकांची हँडबिलं, शाई कमी पडली की तुम्ही यंत्रालाच ओरडायचात ते, सगळं. वाचता वाचता माझे डोळे भरले. मग शेवटची ओळ आली, 'प्रस्तुत लेखक हे त्यांचे मानसपुत्र होत.' माझा उल्लेख नाही. 'एक कन्या' एवढासुद्धा नाही. नुसती ती ओळ मला खोडता आली असती. मी अख्ख्या पानावर सूचना लावली, 'स्वतंत्र छापील संदर्भ नाही.' तिथं मी दुसऱ्याच नावानं वावरते, त्यामुळे त्याला काही कळलं नाही. चर्चेत कुणी एकानं लिहिलं, "लग्नपत्रिका छापणारे गल्लोगल्ली होते, यात विशेष काय?" त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली, तरी सूचना मी काढली नाही. गावभराची नावं छापणाऱ्याचं स्वतःचं नाव कुठं छापलेलं सापडेना. कारभारी म्हणाले, एक तरी बरा संदर्भ आणा, पान ठेवू.

त्यानं मलाच फोन केला. "ताई, ती मेळाव्याची स्मरणिका व्हई ना तुमच्याकडे? माझी पुरात गेली. देखा बरं जरा."

"नाही रे भाऊ, कुठली राहायला इतक्या वर्षांनी."

"मग नानांचं नाव जाईल ओ ताई."

"नियमच आहे तो, आपण काय करणार?"

स्मरणिका माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली. मुद्रकांच्या मेळाव्यासाठी एका बाहेरच्या वार्ताहरानं तुमच्यावर दोन पानं लिहिली होती. हा तुमचा शिष्य तेव्हा गावी गेलेला, म्हणून ती पानं तुम्ही मला जुळवायला दिलीत. त्यात तुम्हीच त्या वार्ताहराला सांगितलंय, 'हा पोरगा माझा मानसपुत्र.' म्हणजे शिष्यानं पानावर पदरचं काही लिहिलं नव्हतं, नाना. तो शब्द एकेक खिळा उचलून मी माझ्या हातानं लावलाय. एखादा खिळा गाळावा असं मनात आलं होतं, पण गाळला नाही. तुम्ही प्रूफ वाचलंत, चष्मा कपाळावर चढवलात आणि म्हणालात, "एक चूक नाही." तुमच्याकडून मला मिळालेली शाबासकी तेवढीच, आणि तीही कुठल्या मजकुरावर!

काढलेलं पान संदर्भ मिळाला की पुन्हा आणता येतं. आज दुपारी मी त्या दोन पानांचे फोटो काढले, त्याचा नंबर समोर ठेवला, आणि मग कुकर लावायला उठले. हे पत्र तर काय, कुठं पाठवणार? फोटो मात्र पाठवता येतात, एक बोट लावायचं. मी नियमानं वागले असं स्वतःला सांगते, आणि नियम खरंच तसा आहे. पण नाना, त्या दोन पानांत कुठं 'माझी पोरगीपण खिळे जुळवते' एवढी अर्धी ओळ असती ना, तर स्मरणिका मी पहिल्याच दिवशी दाखवली असती.