सातवीच्या वर्गातली शाई

३ सप्टेंबर १९३७
आले एकदाची! व्होल्गाकाठचं गाव, लाकडी शाळा, खिडकीबाहेर सफरचंदाचं झाड. मुख्याध्यापक येवलांपी कुझमिच यांनी कोबीचं सारण भरलेली पिरोगी आग्रह करकरून खाऊ घातली आणि नवं पुस्तक हातात ठेवलं. यंदापासून सातवीला राज्यघटना! एकशे सत्ताविसावं कलम मी पुन्हा पुन्हा वाचलं: कोर्टाच्या निर्णयाशिवाय किंवा सरकारी वकिलाच्या मंजुरीशिवाय कुणालाही अटक करता येणार नाही. माझ्या वडिलांना झारच्या शिपायांनी असंच उचललं होतं. आता मी हे मुलांना शिकवणार. छाती भरून आली.

११ सप्टेंबर
वर्गाचा फोटो निघाला. मी मधोमध. प्रत्येकाला एकेक प्रत मिळाली, मुलं ती खूण म्हणून राज्यघटनेच्या पुस्तकातच ठेवतात. पहिल्या बाकावरची अग्निया भारी चुणचुणीत, वडील आगबोटीवर मिस्त्री. कलम मोडलं तर शिक्षा कुणाला, असं तिनं विचारलं. मोडणाऱ्याला, मी हसून म्हणाले. बाकी कुणी हसलं नाही.

२९ सप्टेंबर
तास चालू असताना मुख्याध्यापक आले. पुस्तकातला एक बडा माणूस कालपर्यंत थोर होता, आज देशाचा शत्रू. पान फाडू नका, चेहरा काळा करा, म्हणाले. त्यांचं वाक्य संपायच्या आत टाक दौतीत बुडालेसुद्धा. मागचं पान खराब होऊ नये म्हणून मुलांनी खाली टीपकागद घातले. इतकी सवय? माझ्याही पुस्तकातला चेहरा मी काळा केला. हात धुतले, तरी डाग राहिलाय.

८ ऑक्टोबर
अग्नियाच्या वडिलांना भरदुपारी बोटीवरून नेलं. कागद नाही, काही नाही. कलम आहे ना, तैसिया रोमानोव्ना, असं तिनं भर वर्गात विचारलं. आहे, मी म्हणाले, आणि ते भिंतीला चिकटवायला नाही! तिच्याकडून सरकारी वकिलाला अर्ज लिहून घेतला, चुका मीच दुरुस्त केल्या. मुख्याध्यापकांनी बाहेर गाठलं. "बाई, ते पुस्तक पाठ करायचं असतं हो, वापरायचं नसतं." मग मुलांना खोटं पाठ करायला लावता कशाला, मी ओरडले. त्यांनी घाईघाईनं दार लावून घेतलं.

१५ ऑक्टोबर
अग्नियाचं बाक रिकामं. आईलाही नेलं, घराला सील. पोरीला कुठल्याशा अनाथालयात धाडलंय, दुसरं आडनाव देऊन. कुठे, ते कुणी सांगत नाही. अर्जावर पत्ता तिचाच होता. लिहायला मीच लावला.

मुलांनी पुस्तकं उघडली. आतून वर्गाचे फोटो बाहेर काढले. थांबा, मी किंचाळले. अभ्यासात मागे पडलेल्या पोराकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघत राहिली. मग अग्नियाचा चेहरा काळा केला. वेणीची रिबीनसुद्धा.

१७ ऑक्टोबर
सरकारी वकिलाच्या कचेरीत गेले. जुना वकील आता नाही. त्यालाही नेलं. नव्या वकिलानं माझं नाव विचारलं आणि लिहून घेतलं.

२० ऑक्टोबर
चाचणी घेतली. कलम एकशे सत्तावीस लिहा. सगळ्यांचं अचूक, काना-मात्रेची चूक नाही. पूर्ण गुण द्यावे लागले. पुस्तक भिंतीवर फेकून मारलं. एका मुलानं उचलून, धूळ पुसून परत आणून दिलं.

२१ ऑक्टोबर
मुलं धडा उतरवताहेत. अंगणात मोटार. बुटांचा आवाज — जिन्यात — मी अटकेचा कागद मागणार. मोठ्यानं. या पोरांना एकदा तरी बघू दे की मागता येतो —

दाराकडे कुणी बघतच नाही. पुस्तकं उघडली. फोटो —

अरे, अजून कुणी आत आलं नाही. अजून कुणी काही सांगितलं नाही —

खाली टीपकागद घालताहेत. टाक दौतीत —