एकास वीस प्रमाणातील हत्ती

३ मार्च, सोमवार. सायं. ६.१०
नातीचा पाचवा वाढदिवस दि. २२ रोजी आमच्या घरी करण्याचे निश्चित झाले. मुलगी दुकानातून केक मागवणार होती. तो बेत मी तत्काळ रद्द करावयास लावला. केक सौ. घरी भाजेल, सजावट मी करीन. सजावट म्हणजे फॉन्डंटचे प्राणी. फॉन्डंट म्हणजे साखरेचा, कणकेसारखा मळता येणारा गोळा. बत्तीस वर्षे कंपनीच्या साठा-तपासणी विभागात काढलेल्या वाणिज्य पदवीधराला गोळे वळणे अवघड जाण्याचे कारण नाही.
मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, तिला फक्त ससा हवाय. एकच ससा. बाकी काही करत बसू नका.
मागणी लिहून घेतली.

४ मार्च
जेवताना सौ.ने एक गैरसमज बोलून दाखवला. तिच्या मते नात मला घाबरते. गेल्या वर्षी केक कापण्यापूर्वी मी जमलेल्या मुलांना दातांच्या किडीविषयी दहा मिनिटे माहिती दिली. तेव्हापासून पोर तुमच्या वाऱ्याला उभी राहत नाही, असे ती म्हणाली.
वस्तुतः हा आदर आहे. आदर असलेली माणसे जरा लांबच उभी राहतात. ऑफिसातही माझा हाच अनुभव आहे.
तरीसुद्धा या वेळी केक पाहून नात आपण होऊन माझ्या मांडीवर येऊन बसेल, अशी अपेक्षा आहे. (ही नोंद पूर्णतः खाजगी.)

६ मार्च
केकचे सामान विकणाऱ्या बाईंकडे गेलो. बाईंनी विचारले, काका, क्लास वगैरे केलाय का. मी शिक्षण सांगितले. त्या म्हणाल्या, मग आधी अर्धाच किलो न्या.
चार किलो आणला.

९ मार्च, रविवार
इंटरनेटवर फॉन्डंटच्या प्राण्यांची एकशे चाळीस छायाचित्रे अभ्यासली. अत्यंत बेजबाबदार काम. ससा हत्तीच्या खांद्याला खांदा लावून बसलेला. एके ठिकाणी कासव सिंहापेक्षा मोठे. लहान मुलांची ही उघड दिशाभूल आहे.
आपले प्राणी एकास वीस या प्रमाणात होतील. जिराफ २५ सेंटिमीटर, हत्ती १५, सिंह ६, ससा १.
सौ.ने तक्ता वाचला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला. एक सेंटिमीटर? अहो, तिने ससाच मागितलाय ना? मी तक्त्यावर बोट ठेवून दाखवले की ससा वगळलेला नाही. चौथ्या क्रमांकावर आहे. त्यावर ती, बरं बाई, म्हणून भाजी निवडायला गेली. आमच्या घरात संमती अशाच प्रकारे दिली जाते.

१२ मार्च
सराव सुरू. फॉन्डंट हाताला चिकटतो. कॉर्नफ्लॉवर लावावे, तर तडकतो. पाणी लावावे, तर पुन्हा चिकटतो. या पदार्थाला मधली अवस्था नाही.
हत्ती जमला. जावई फोनचा चार्जर न्यायला आला होता. डुक्कर मस्त झालंय बाबा, म्हणाला. सौ. पदर तोंडाला लावून आत गेली. जावई इंजिनिअर आहे, निरीक्षणशक्ती बेताची.

१५ मार्च, शनिवार
स. ८.०० जिराफ उभा केला.
८.२० जिराफ बसलेला दाखवावा.
८.४५ जिराफ झोपलेला दाखवावा.
९.०० झोपेतही मान तुटते.
९.०५ जिराफ रद्द. जंगलात सर्व प्राणी एकाच वेळी दिसतात असे कोठेही नाही.

१८ मार्च
अंतिम हत्ती पूर्ण. सामानवाल्या बाईंना फोनवर आकार कळवला. त्या घाईघाईने म्हणाल्या, काका, भरीव नका हो करू, आत थर्माकोल घाला. मी नम्रपणे नकार दिला. पोकळ हत्ती माझ्या हातून होणे नाही.
वजन १ किलो ३५० ग्रॅम. सौ. म्हणाली, माझा केक याच्यापेक्षा हलका होणार आहे. मी हसलो. पायाची चिंता ज्याने पाया घालायचा त्याने करावी.

२१ मार्च, शुक्रवार
अर्ध्या दिवसाची रजा. ससा केला. साधने: भिंग, चिमटा, शिवणाची सुई. तीन तास पंचवीस मिनिटे. कान चार मिलिमीटर. मिशा या प्रमाणात शक्य नाहीत.
तांत्रिकदृष्ट्या हे माझे आजवरचे सर्वोत्तम काम होय. सौ.ला दाखवला. ती म्हणाली, कुठाय?

२२ मार्च, शनिवार
दु. ४.३० केकवर मांडणी पूर्ण. मध्यभागी हत्ती. डावीकडे सिंह. सिंहापासून चार सेंटिमीटरवर ससा. दृश्य भारदस्त.
४.५० हत्तीचा पुढचा उजवा पाय किंचित आत गेला आहे. चालत असल्याचा भास होतो. उत्तम.
५.०५ गुडघ्यापर्यंत. दलदल म्हणता येईल.
५.१५ सौ.ने हत्ती उचलून घ्या म्हणून तीनदा सांगितले. उचलल्यास चार खड्डे दिसतील. नकार दिला.
५.२० मुले आली. पोटापर्यंत.

रा. ७.४० (पुढील भाग मुले गेल्यावर लिहीत आहे.)
मेणबत्त्या लावताना केक दुभंगला. हत्ती कानांपर्यंत आत आणि सिंह पाठोपाठ घसरत त्याच्या पाठीवर. मुले इतकी हसली की एकाला उचकी लागली. जावई म्हणाला, डुक्कर गेलं.
नात हसली नाही. ती टाचा उंचावून टेबलाभोवती फिरत होती. दोन फेऱ्या झाल्यावर तिने आईला विचारले, ससा कुठाय? मी पुढे होऊन नेमकी जागा सांगितली. त्या जागी भेग होती. चमच्याने, मग भिंगाने शोध घेतला. माझ्या अंदाजाने ससा क्रीममध्ये आहे, किंवा उचकी लागलेल्या मुलाच्या पोटात.
नातीचा खालचा ओठ थरथरू लागला. एवढ्यात सौ.ने उरलेल्या गोळ्यातून तीन मिनिटांत ससा केला. मापे नाहीत, तक्ता नाही. कान धडापेक्षा मोठे. चेहऱ्यावर हसू. सशाला हसू नसते. ही हरकत फक्त येथे नोंदवत आहे.
नातीने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. केकचे कोणालाच काही वाटेनासे झाले.
आणि मग ती माझ्याकडे आली. आपण होऊन. हात चिकट झाले होते, धुवायचे होते. म्हणाली, आजोबा, याला धरा हं. पाडू नका.
वर्षभरात ती माझ्याशी थेट बोललेली ही पहिली वाक्ये.
मी धरला. दोन्ही तळव्यांत, बंद. हात धुतल्यावर मुलांनी तिला खेळात ओढले. मुलगी म्हणाली, बाबा, ठेवा ना बशीत. जावई म्हणाला, द्या इकडे, मी धरतो. मी कोणालाही दिला नाही. धरण्यास मला सांगण्यात आले होते. नाक खाजले, तेही सहन केले. बावीस मिनिटे.
ती धावत आली. मी तळवे उघडले.
फॉन्डंट उष्णतेने मऊ होतो. तळव्यात एक चपटी, पांढरी वस्तू होती. एक कान अंगठ्याला चिकटलेला. हसू पूर्ण गेले होते.
मी तिला सांगितले की वजनात काहीही घट झालेली नाही.
ती रडली नाही. वस्तू उचलली, अंगठ्यावरचा कान सोडवून घेतला, आणि आजीकडे जाऊन तिच्या कानात काहीतरी सांगितले.

२३ मार्च, रविवार. स. ९.००
नात काल काय म्हणाली, हे सौ.ला चहाच्या वेळी विचारले. काही नाही, म्हणाली. पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिने कप खाली ठेवला आणि सांगितले:
आजी, आजोबांना रागवू नकोस. त्यांना येत नाही ना.
बराच विचार केला. प्रतिवाद करण्याजोगे काही आढळले नाही.