निर्मनुष्य टोल्याची हरकत

मुक्काम : आपला टोला (लहानशी वस्ती, सरकारदरबारी निर्मनुष्य),
तालुका धानोरा, जिल्हा गडचिरोली

आदरणीय दिनेशभाऊजी यांस,

तुमचा साळा पोचू याचा सेवा जोहार. (मंगली जाऊन चार वर्षे झाली, तुम्ही दुसरा संसार मांडला, तो चांगलाच केला, पण साळेपण असे संपत नाही, म्हणून अजून तसेच लिहितो.) आम्ही इकडे जसे असायचे तसे आहोत. तुमचा खोकला कसा आहे? घुग्घुसची धूळ कमी झाली असे पेपरात वाचले, म्हणजे वाढली असणार. रंजीताबाईंना नमस्कार आणि लेकराला माझ्यातर्फे एक पापा.

मंगली गेल्यावर तिच्या नावाने उभा केलेला दगड तेलाच्या लाइनीत आला आहे. पत्राचे कारण तेच. पण एवढेच लिहून थांबलो तर तुम्हाला वाटेल की लाइन आली तेव्हा आम्ही झोपलो होतो. आम्ही झोपलो नव्हतो, भाऊजी. आम्ही कज्जा लढलो आणि जिंकलो, त्यातून हे झाले. म्हणून सगळे पहिल्यापासून लिहितो, चहा घेऊन बसा.

ही लाइन म्हणजे डिझेल-पेट्रोलचा जमिनीखालून जाणारा मोठा नळ. कुठून निघतो आणि कुठे जातो ते कंपनीलाच ठाऊक. मध्ये आपले जंगल लागते, ही त्यांच्या दृष्टीने जंगलाची चूक. (आपले भैयाजी भूमक, जे गावाची देवपूजा करतात, त्यांना आधी वाटले की टोळीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे खाण्याचे तेल आहे. फोडणीपुरती एक तोटी आपल्या टोल्यात काढून द्या, अशी अट घाला म्हणाले.) तर जंगलातून नळ न्यायचा म्हणजे आधी त्याचा परिणाम काय होईल याचा अहवाल लागतो, आणि तो अहवाल करायला एक जीप आली. ती नेमकी आपल्या गावबांधणीच्या दिवशी आली.

तुम्ही घुग्घुसला रुळलात, म्हणून आठवण करून देतो. पेरणीआधी भैयाजी पूजा करून गाव बांधतात, रोगराई आत शिरू नये म्हणून. त्या दिवशी चुली विझवून अख्ख्या गावाने शिवेवर जाऊन बसायचे, आणि सूर्य मावळेपर्यंत बाहेरच्या माणसाशी शब्द बोलायचा नाही. तसे आम्ही मोहाखाली बसलो होतो. जीपवाल्या साहेबांनी काच खाली करून रस्ता विचारला. आम्ही गप्प. हिंदीत विचारले, इंग्रजीत विचारले, शेवटी हातवारे केले. आपल्या झिंगूकाकीने तर तोंडावर पदरच घेतला. जीप गावात गेली, हिंडली, फोटो काढून परत आली. जाताना त्यांनी आम्हाला बिस्किटाचा पुडा दिला.

अहवाल आला तेव्हा आम्हाला कळले की आम्ही नाही. घरे सोडून दिलेली, चुली थंड, रहिवासी स्थलांतरित. शिवेवर काही भटके लोक विश्रांती घेताना आढळले, त्यांना कोणतीही भाषा अवगत नसावी. आवाजाचे प्रदूषण शून्य. आपल्या कोंबड्या वन्यजीवांत गेल्या आहेत, रानकोंबडी म्हणून, विपुल. आणि या परिसरात समुद्री कासवे आढळत नाहीत असेही एक वाक्य आहे. (ते कुठल्या तरी किनाऱ्यावरच्या जुन्या अहवालातून आले असावे, पण ते खरे आहे, त्यावर आम्ही हरकत घेतली नाही.) लाइन सरळ माझ्या घराच्या आणि विहिरीच्या मधून आखली होती.

मग धानोऱ्याला जनसुनावणी झाली. मंडप, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, सगळे होते. आमचा नंबर आला तेव्हा साहेबांनी कागद चाळून अगदी सौजन्याने सांगितले की या जागी वस्ती नाही, तेव्हा तुमची हरकत कोणत्या गावाची म्हणून लिहू? भैयाजी उठले. "साहेब, आमी तिथी नाई, तं तुमी बोलून राह्यले कोनासंगं?" लोक हसले, साहेबही हसले, आणि हरकत इतर या सदरात गेली. आजपर्यंत आपण आदिवासी होतो, जंगलवाले होतो, मागास होतो. इतर होण्याची ही पहिलीच वेळ.

गडचिरोलीच्या संघप्रिया वकीलबाईंनी आमचे प्रकरण न्यायाधिकरणात नेले. बाई वयाने लहान, पण बोलायला लागल्या की समोरचा वकील चष्मा पुसत बसतो. त्यांनी एवढेच मागितले की पुन्हा येऊन बघा. तो हुकूम मिळाला. समिती येणार त्या दिवशी आम्ही भर उन्हात सगळ्या चुली पेटवल्या. झिंगूकाकीने दोन पेटवल्या, एखादी मोजायची राहिली तर म्हणून. धुराने सगळ्यांचे डोळे गळत होते. समितीच्या बाईंना वाटले आम्ही दुःखाने रडतो आहोत, त्यांनी तशी नोंदही घेतली. घरे मोजली, माणसे मोजली, कोंबड्या माणसांच्या बाजूला आल्या. समितीचे अध्यक्ष भले गृहस्थ. वस्तीला धक्का लागणार नाही, लाइन बाजूने नेऊ, असे त्यांनी जागेवरच सांगितले आणि नवी रेघ पायी चालून बघायला निघाले. आम्ही मागून चाललो होतो, अगदी वरातीसारखे.

रेघ मातीच्या जागेच्या, म्हणजे आपण मेलेल्यांना पुरतो तिथल्या, कडेने गेली. आपल्या कुळातल्या गेलेल्या माणसांचे दगड रांगेत आत आहेत, ते सुटले. मंगली लेक, माती इथे झाली, पण लग्न होऊन तुमच्या कुळात गेलेली. म्हणून तिचा दगड रांगेबाहेर, कडेला उभा केला होता, तुमच्यादेखत. तेवढा एक मध्ये आला. अध्यक्षांनी काठीने दाखवून विचारले, हा एकच आड येतो, याबद्दल कोणाची हरकत आहे का?

भाऊजी, मी तिचा सख्खा भाऊ तिथे उभा होतो. पण दिलेल्या लेकीच्या दगडाबद्दल बोलायचा मान तिच्या सासरचा. माहेरच्याने तोंड उघडले तर ती ना इकडची ना तिकडची होते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. सगळे माझ्याकडे बघत होते, मी भैयाजींकडे बघत होतो, भैयाजी जमिनीकडे. अध्यक्षांनी बराच वेळ वाट बघितली, ते काही घाईतले नव्हते. मग त्यांनी लिहिले, हरकत नाही. वकीलबाई मागे राहिलेल्या गाडीतून पोचल्या तेव्हा सह्या झाल्या होत्या. त्या माझ्यावर ओरडल्या, "अरे, बोलले काऊन नाई?" त्या रात्री गावात जिंकल्याची मोहाची झाली, मीही प्यालो. सकाळी तिच्या दगडाशेजारी लाल झेंडीची खुंटी ठोकलेली बघितली आणि मी तिथेच बसून रडलो. या वेळी धूर नव्हता.

आता वकीलबाई म्हणतात, ज्याला बोलायचा हक्क आहे त्याने येऊन सांगितले तर हरकत पुन्हा उघडता येईल. म्हणजे तुम्ही. तुम्ही सुनावणीला या, आणि हा दगड माझ्या बायकोचा आहे, माझी हरकत आहे, एवढी दोन वाक्ये बोला. रंजीताबाईंना वाईट वाटेल तर त्यांनाही सोबत आणा, आम्ही त्यांचे पाहुणेपण करू. सुट्टी मिळत नसेल तर खोकल्याचे कारण सांगा, ते खरेच आहे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवायचा तुम्ही.

तुमचा,
पोचू

ता. क. : पाकीट बंद करायच्या आधीच वकीलबाईंचा निरोप आला. लाइन खोदायचे मशीन येत्या सोमवारी येणार, सुनावणी पुढच्या महिन्यात. एका दगडासाठी काम थांबवता येणार नाही, असे कंपनीवाले म्हणाले. तेव्हा वर सुनावणीचे लिहिले ते सोडून द्या, सरळ इकडेच या, सोमवारच्या आत. दगड उपटायला सब्बल आणि माणसे आहेत. फक्त पहिला हात तुमचा लागायला हवा, मग बाकीचे आम्ही उचलू.

आणखी ता. क. : भैयाजींना विचारले. एकदा उठवलेला दगड त्याच गावात पुन्हा बसत नाही म्हणतात, तो सासरीच न्यावा लागतो. मंगली सांगायची, तुमच्या क्वार्टरमागे भिंतीला लागून थोडी जागा आहे, तिथे तिने वालाचा वेल लावला होता. धुळीने तो जगला नाही, हेही सांगायची. रंजीताबाईंना एकदा विचारून ठेवा. दगड फार मोठा नाही.