लाल पट्टी, सकाळी आठ

शनिवार, ५ तारीख

दादा,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, तर अर्धं काम झालं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून ही लिहिण्याची पाळी. उघडलं नसलंस तर वहिनी, तुम्ही तरी वाचा आणि जेवताना त्याच्या कानावर घाला. तोंडात घास असला की तो उठून जात नाही.

आई बरी आहे. गुडघा दुखतो म्हणते आणि तरी तीन जिने चढून माझ्याकडे येते. आल्या आल्या पहिला प्रश्न तुझा. मी म्हणते, तो कामात आहे. दीड महिना घरी बसवलेला माणूस कामात आहे, हे सांगताना माझी जीभ कशी चालते, मलाच कळत नाही.

डेपोत सगळं तसंच आहे. लिफ्टच्या तक्रारींचा फोन मीच घेते, फळ्यावर पट्ट्या मीच लावते, कुठल्या मेकॅनिकने कधी कुठे जायचं तेही मीच ठरवते. तुझ्या हत्यारांच्या पेटीला कुणी हात लावलेला नाही. साहेब म्हणतात, शुक्रवारच्या सुनावणीत तुझं लायसन रद्द झालं की पेटी घरी पाठवू. ‘झालं की’ म्हणतात, ‘झालं तर’ नाही. मला ते फार लागलं.

आता कामाचं बोलते. पत्र फाडायचं असेल तर एवढं वाचून फाड.

वृद्धाश्रमातल्या लिफ्टच्या अहवालात लिहिलंय की तू दाराचा डोळा, म्हणजे मधे कुणी आहे हे ओळखणारा सेन्सर, नीट पुसला नाहीस, म्हणून तिथल्या एक आजी मधे उभ्या असताना दार मिटलं, त्या पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. नंतर दुसऱ्याने डोळा पुसला, लिफ्ट सुरू केली, प्रश्न मिटला. पण परवा मी रजिस्टर काढून बसले. अपघाताआधी त्याच चौथ्या मजल्यावरून ‘दार अंगावर येतं’ अशा तीन तक्रारी आल्या होत्या. पहिली पाचला, दुसरी पाच वाजून पाच मिनिटांनी, तिसरी पाच वाजून दहा मिनिटांनी. अपघातही पाचलाच झाला. आणि तिन्ही वेळा आपला माणूस गेला तो सकाळी. पहिल्यांदा दुसरा कुणी, मग दोनदा तू, लाल पट्टीवर. तिन्ही वेळा शेरा एकच, ‘दोष आढळला नाही’.

लाल पट्टी माझंच अपत्य. तीच तक्रार पुन्हा आली की फळ्यावर लाल पट्टी लावायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सगळ्यात आधी तिथे माणूस पाठवायचा. या नियमासाठी साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली होती, आणि आठवडाभर माझे पाय जमिनीला लागत नव्हते. आता वाटतं, आपण इतकी घाई केली की दोष यायच्या आत जाऊन परत आलो.

वृद्धाश्रमासमोरची उंच जुनी गोदामं अडीच महिन्यांपूर्वी पाडली. तक्रारी त्यानंतरच्या. चौथ्या मजल्यावर लिफ्टसमोर मोठी खिडकी आहे, पश्चिमेची. मला एवढंच सांग, मावळतीचं ऊन सरळ दाराच्या डोळ्यात शिरलं तर तो फसतो का? मधे माणूस आहे आणि त्याला दिसतच नाही, असं होतं का? हो किंवा नाही, तेवढंच वहिनींकडे सांग.

साहेबांच्या खोलीत त्या दिवशी जे झालं, त्याबद्दल आज लिहीत नाही. कागद बराच उरलाय, तरी नाही.

तुझी,
धाकटी


बुधवार, ९ तारीख

दादा,

वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, “हे म्हणतात, जुन्या बनावटीचा डोळा असेल तर होतं. समोरच्या दिव्याचा किरण तुटला की दार थांबतं. पण ऊन आत शिरलं तर त्याला वाटतं किरण येतोच आहे. आणि म्हणाले, तिला म्हणावं, हात घालून बघू नकोस, रिकामं खोकं घाल.”

माझ्यावर एवढा राग, आणि माझ्या हाताची काळजी! फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले.

काल अर्धी रजा टाकून वृद्धाश्रमात गेले. सोबत औषधाच्या दुकानातून मागून आणलेलं एक खोकं. साडेचारपासून दर पाच मिनिटांनी दारात खोकं धरायचं आणि वहीत लिहायचं. पहिल्या पाच वेळा दार शहाण्यासारखं मागे गेलं. तिथली परिचारिका हसायला लागली, “ताई, खोक्याला कुठल्या मजल्यावर जायचंय?” मीही हसले. पाचला पाच कमी असताना ऊन खिडकीतून सरकत दाराच्या कडेवर आलं, आणि सहाव्या वेळी दार थांबलंच नाही. खोकं चेपलं. सातव्या वेळी पुन्हा तेच. आठव्या वेळी मी खिडकीच्या बाजूने वहीचा पुठ्ठा धरून डोळ्यावर सावली केली, दार मागे गेलं. पुठ्ठा काढला, पुन्हा मिटलं. परिचारिकेचं हसू केव्हाच मावळलं होतं. ती म्हणाली, “अहो, रोज याच वेळी आम्ही सगळ्या आजी-आजोबांना बागेत न्यायला खाली आणतो.”

म्हणजे डोळा पुसून काही झालं नव्हतं. दीड महिना ती लिफ्ट तशीच चालत होती आणि आम्ही सगळे प्रश्न मिटला म्हणून निवांत होतो. मी कुणालाही न विचारता लिफ्ट बंद करायला लावली आणि दारावर पाटी अडकवली. विचारत बसले असते तर तोवर आजी-आजोबा दारात येऊन उभे राहिले असते.

आज सकाळी साहेबांनी बोलावलं. समोर माझी वही होती.

“कुणाला विचारून बंद केलीस?”

“कुणालाच नाही.”

“अगं, आपलेच दात, आपलेच ओठ. आपलं वेळापत्रकच चुकीचं होतं, असं लिहून देणार आहेस तू? स्वतःच्या हाताने? तुला तक्रारींच्या टेबलाची प्रमुख करायचा कागद या खणात आहे.” मग ते हळू आवाजात म्हणाले, “आणि तरी तो सुटत नाही. त्याला शंका होती तर त्याने वेळ बदलून का मागितली नाही? हे मी तुला विचारलं होतं. तू काय सांगितलंस?”

आता लिहिते, दादा. चार दिवस या वाक्याला वळसे घालते आहे.

तू मागितली होतीस. तिसऱ्या तक्रारीनंतर रात्री तुझा फोन आला होता, “अगं, तक्रार संध्याकाळची आहे, मला पाचला पाठव, आठला जाऊन मी काय करू?” मी म्हटलं, लाल पट्टी म्हणजे आठ, तुझ्यासाठी बदललं तर लोक म्हणतील भावाचे लाड चाललेत. तू म्हणालास, “बरं बाई, तुझं राज्य.” आणि आठला गेलास. तिसऱ्या दिवशी आजी पडल्या. मग साहेबांनी तुझ्यासमोर मला विचारलं, याने वेळ बदलून मागितली होती का? मला सगळं लख्ख आठवत होतं, तुझा आवाजसुद्धा. मी म्हणाले, आठवत नाही. नियम माझा होता, नाव माझं जाणार होतं, म्हणून म्हणाले. तू एक शब्द बोलला नाहीस, उठलास आणि गेलास. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी, आणि तोही माझाच भाऊ. तू तिथे ओरडला असतास तर मला सोपं गेलं असतं.

साहेबांना मी खरं उत्तर दिलं. त्यांनी खणाला कुलूप लावलं. मग म्हणाले, घरी जा, बोलावलं की ये. बोलावतील की नाही, ठाऊक नाही. पण जबाब लिहून दिलाय. एक प्रत त्यांना, एक सुनावणी घेणाऱ्या तपासणी अधिकाऱ्यांच्या कचेरीत पोच घेऊन, आणि तिसरी या पाकिटात आहे. खोक्याच्या नोंदीही जोडल्या आहेत, वेळेसकट. अधिकारी ते मानतील का, माहीत नाही. मी एकदा खोटं बोलले आहे, आता खरं बोलते यावर विश्वास ठेवायला त्यांना कारण हवं.

आईलाही सगळं सांगितलं. तिने चपला घातल्या आणि म्हणाली, “टपालात टाकू नकोस. दे इकडे, मी नेते.”

शुक्रवारी अकरा वाजता सुनावणीत अधिकारी मला तुझ्यासमोर पुन्हा तोच प्रश्न विचारतील. तेव्हा माझ्याकडे बघू नकोस, असं लिहिणार होते. पण नको, बघ. मी उत्तर देऊन होईपर्यंत माझ्यावरची नजर काढू नकोस.

माफी त्यानंतर मागेन.

तुझी,
धाकटी