कपाटापायी सुटलेली अंघोळ

रविवार, ता. १८ मे

आज उशिरा उठलो. दूध तापवलं, ते उतू गेलं. ओटा पुसला. मुलीचा फोन आला, घेतला नाही. दुपारी कालचंच जेवलो. आता ऊन उतरलंय आणि अंघोळ अजून व्हायची आहे. त्याआधी हे पत्र.

ती. आक्कांना नमस्कार. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? औषध वेळेवर घेत असाल. घेत नसाल तर मी बोलणारा कोण, हे पुढे कळेलच.

जानेवारीत तुमच्या भाचीने माझं वर्ष ताब्यात घेतलं. (आईवर गेली आहे. विचारते, पण उत्तराला थांबत नाही.) तुमची बहीण गेल्यापासून बाबांच्या दिवसाला काही धरबंद राहिला नाही, असं तिचं म्हणणं. फ्रिजच्या दारावर तक्ता लावून गेली: वर वर्षाची उद्दिष्टं, खाली रोजच्या सवयी. "बाबा, नवी सवय एकटी टिकत नाही. जुनीच्या शेपटाला बांधून टाकायची, की आपोआप होते." मी हो म्हटलं. हो म्हटलं की ती लवकर थांबते.

पहिली गाठ अशी, की कचरा टाकला की तसंच पुढे फिरायला जायचं. पहिल्याच दिवशी फिरण्याच्या नादात मी कचऱ्याची पिशवी हातात घेऊन बागेला अख्खी फेरी मारली आणि पिशवीसकट घरी आलो. समोरच्या काकू दारातच होत्या. "अहो, परत का आणलीत? काही चुकून गेलं होतं का त्यात?" तेव्हापासून त्या माझ्याशी जरा मोठ्याने आणि सावकाश बोलतात. (मला नीट ऐकू येतं.) दुसरी गाठ, दूध गॅसवर ठेवलं की डोळे मिटून शांत बसायचं. मी बसतो शांत. दूध बसत नाही. मन किती स्थिर झालं ते सांगता येत नाही, शेगडी मात्र घासून घासून लखलखीत झाली आहे.

त्यात रोज तक्त्यावर बरोबरची खूण करायची. आक्का, माझा जन्म लिफ्ट तपासण्यात गेला. दोर हाताने चाचपल्याशिवाय मी कधी सही केली नाही. न झालेल्या कामापुढे खूण कशी करू? लेक म्हणते, "अहो बाबा, मनाला बरं वाटावं म्हणून करा की एखादी!" लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या माणसांना हे सांगून बघ म्हणावं.

हे सगळं मी सोसलं असतं. पण तक्त्यात सगळ्यात वर लाल अक्षरांत लिहिलंय: आईचं कपाट रिकामं करणे. त्याची गाठ अंघोळीशी. अंघोळ झाली की कपाट उघडायचं आणि एक कपडा काढून कुणाला तरी द्यायच्या पिशवीत ठेवायचा. युक्ती चांगली होती. परिणाम असा, की मी अंघोळच पुढे ढकलू लागलो. आधी चहानंतर, मग कामावरून आल्यावर, मग सुट्टीच्या दिवशी बघू. कपाट उघडायची सवय लागली नाही, जन्मभराची अंघोळ मात्र सुटली. परवा लिफ्टमध्ये माझ्याबरोबरचा मिस्त्री वरच्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत दाराच्या फटीला नाक लावून उभा होता. बोलला काही नाही. चांगला माणूस आहे.

आणि काल लेकीने फोनवर बजावलं, "वर्षअखेर झालं नाही ना, तर मीच पोती घेऊन येते. एका दिवसात उरकते!" उरकेल ती. त्याचीच मला धास्ती आहे. घाईत पोत्यात काय काय गेलं, ते तिला कळायचं नाही आणि मला सांगता यायचं नाही.

बाकी ठीक.

तुमचे लिफ्टवाले

ता.क. गुडघ्याची चौकशी उगाच नव्हती. पुढच्या रविवारी याल का? जिन्याची काळजी नको, आमची लिफ्ट मीच तपासतो. कपाट मी उघडेन. तुम्ही फक्त शेजारी बसा आणि कुठला कपडा कधीचा ते सांगा. मला रंग आठवतात, प्रसंग नाहीत. एखादा मी परत आत ठेवला तर बोलू नका.

आणखी एक. भाचीला इतक्यात कळवू नका. तक्त्यात 'माणसांशी बोलणे' अशीही एक ओळ आहे. ती जानेवारीपासून कोरीच होती. या पत्रावर तिथे खूण करायला हरकत नसावी.

पाणी तापलं आहे. अंघोळीची आणि कपाटाची गाठ मी आजपुरती सोडली. टॉवेल घेतो आणि जातो.