लिंबाला म्हटलेला मेरा

नरसी नामदेव, जि. परभणी
बुधवार, २७ ऑक्टोबर १९७६

आदरणीय बाबा आणि माझी माय,

दोघांना सप्रेम जयभीम. मी खुशाल आहे. ताप गेला, खोकला तेवढा रेंगाळलाय. मायेचा गुडघा कसा आहे? बाबा, सडकेचं काम पुलापर्यंत पोचलं का? पांढरी शेळी व्याली असेल तर तिचं एक करडू माझ्या नावाचं ठेवा, विकू नका.

हे पत्र नेहमीसारखं बाबाच मायेला वाचून दाखवणार. म्हणून बाबा, आधी चष्मा पुसून घ्या. जनकाकाकू ओसरीवर येऊन बसली असेल तर तिला चहा पाजून वाटेला लावा. ती हलणार नाही, पण बघा प्रयत्न करून. आणि एक हात जोडून सांगते, मधलं काहीही गाळू नका. मागच्या पत्रातला माझा ताप तुम्ही गाळला होता. कोंडीबाच्या हाती मायेनं लाडू पाठवले त्यावरूनच मी ओळखलं. तापाचं कळलं असतं तर डब्यात काढा आला असता.

दिवाळीच्या सुटीत मी घरी आले नाही. शिक्षकांचं शिबिर आहे असं कळवलं होतं. शिबिर नव्हतं.

रागावू नका, सांगते सगळं. पण आधी शाळेचं सांगू दे. पटावर एकतीस लेकरं आहेत, त्यात मुली सात. आषाढात मी गेले तेव्हा मुली दोनच होत्या. एकच खोली, पत्र्याची, एका अंगाला गळते. दोन मुलं हुशार आहेत, एक तर इतका वस्ताद आहे की फळ्यावर माझं चुकलं की खोकतो. कापूस वेचणी सुरू झाली की निम्मी शाळा रानात जाते, मग मीच बांधावर जाऊन पाढे म्हणून घेते. बाया हसतात. हसू देत.

ही शाळा नरसीची नाही. नरसीत मी भाड्यानं राहते आणि पत्रं इथल्या पोस्टात येतात, तेवढंच खरं. शाळा इथून दीड कोसावर आहे. नेमसिंग नाईकाच्या तांड्यावर.

बाबा, इथं थांबा. मायेला पाणी द्या, मग पुढं वाचा.

माय, मी मुद्दाम शोधत गेले नाही. केंद्राच्या शाळेत रुजू झाले त्याच दिवशी हेडमास्तरांनी विचारलं, तांड्यावरच्या शाळेत कोण जाईल. आधीचे गुरुजी चार महिन्यांत पळून गेले होते. बाकीचे सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसले. ‘नेमसिंग नाईकाचा तांडा’ असं हेडमास्तरांनी तुझ्या बापाचं नाव घेतलं आणि माझा हात वर गेला. तुला कळवलं असतं तर तू गळ्याची शपथ घातली असतीस. म्हणून नाही कळवलं. चार महिने दर पत्रात खोटं लिहिलं, आणि प्रत्येक वेळी ‘कळावे’ लिहिताना पेन अडखळलं.

तांड्याला मी कोण ते ठाऊक नव्हतं. गोरेगावची मास्तरीण, जयभीमवाली, एवढंच. माणसं वाईट नाहीत. भाजी देतात, पावसात अडकले तर शाळेपर्यंत कंदील धरतात. पण हिरासिंगमामाच्या घरी माझा कप वेगळा आहे. वळचणीला खोचून ठेवलेला असतो. चहा झाला की मीच विसळायचा आणि मीच परत खोचायचा. तुझ्या सख्ख्या भावाच्या घरी, माय. पहिल्या दिवशी तो कप खोचताना मला एकदम हसूच आलं. लहानपणी बौद्धवाड्यातली पोरं माझ्यामागं नाचायची ना, ‘एक पाय तांड्यात, एक पाय वाड्यात, चांगुणा पडली खड्ड्यात’? वाड्यात मी लमाणणीची आणि तांड्यात जयभीमवाली. खड्डा बराबर शोधून काढला होता त्यांनी.

त्यांना वाटतं मला त्यांची बोली कळत नाही. माझ्या नाकाबद्दल, माझ्या वयाबद्दल, एवढी घोडी झाली तरी हिचं लगीन काहून न्हाई याबद्दल बाया माझ्यासमोर बिनधास्त बोलतात. मी वह्या तपासत असते. एकदा कुणीतरी म्हणालं, हिरासिंगला एक बहीण होती. ‘होती’ म्हणाल्या. त्या दिवशी मी तीच वही तीनदा तपासली.

आता बाबा, पुढचं तुमच्यापासून लपवलेलं आहे. तेही मोठ्यानंच वाचा.

तुम्ही धम्म घेतलात आणि दिवाळी आपली नाही असं घरात ठरलं. ते चूक होतं असं मी म्हणत नाही. तुम्ही शिकवलंत म्हणून मी आज खुर्चीवर बसते. पण मायेच्या तांड्यात दिवाळीच्या अमावास्येला लग्न न झालेल्या पोरी हातात दिवा घेऊन दारोदार जातात. प्रत्येक मोठ्या माणसाला नात्यानं हाक मारून ‘तोन मेरा’ म्हणतात. म्हणजे तुझं वर्ष सुखाचं जावो. मोठं माणूस दिव्यात थेंबभर तेल घालतं आणि डोक्यावर हात ठेवतं. तुम्ही कामावरून यायच्या आत माय मला घरामागं न्यायची. पणती माझ्या हातात द्यायची. ‘ह्यो लिंब तुझी नानी,’ म्हणायची, ‘आन ह्यो हाळ तुझा मामा. म्हण.’ मी लिंबाला म्हणायचे, नानी, तोन मेरा. ढोरं पाणी पितात त्या हाळाला म्हणायचे, मामा, तोन मेरा. मग मायच दिव्यात तेल घालायची, नानीच्या वतीनं. सोळा वर्षांची होईपर्यंत दरवर्षी हे चाललं. लिंबाच्या बुडाशी काजळी राहायची. तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुम्हाला ती दिसली नसेल असं मात्र मला वाटत नाही.

गेल्या शुक्रवारी अमावास्येला मामाची नात निर्मला शाळेत आली. दिवेलागण झाली होती. दहा-बारा पोरी मागं उभ्या. माझ्या हातात दिवा देऊन म्हणते कशी, “बाई, तुमी बी चला. तुमचं कुटं लगीन झालंय?” यासाठीच तर सुटीत थांबले होते मी, बाबा. नुसतं बघायला. माय काय सोडून आली ते एकदा डोळ्यांनी बघावं आणि गप परत यावं, एवढंच मनात होतं.

सगळ्या घरांपुढं मी मागं राहिले. पोरी दादी म्हणत होत्या, काका म्हणत होत्या, हसत होत्या. शेवटी मामाचं घर आलं. नानी अंगणात बाजेवर बसलेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण पाठ अजून ताठ आहे, माय. पोरींचं झालं आणि निर्मलेनं मला पुढं ढकललं. “बाई, तुमी बी म्हना की.”

मी ‘आजी, नमस्कार’ म्हणणार होते. तसं घोकून ठेवलं होतं. पण हातात दिवा होता, समोर ती होती, आणि तोंडाला वर्षानुवर्षांची सवय.

“नानी, तोन मेरा.”

बाबा, तुम्हाला वाटेल त्यात काय एवढं. तो सगळा तांडा एका कुळाचा आहे. तिथल्या पोरी तिथल्याच लेकी, त्या म्हातारीला दादी म्हणतात, त्यामुळे नानी म्हणणारं तोंड त्या दिवशी तिथं असतच नाही. लेकीची लेक तिच्या बापाच्या तांड्यात मेरा म्हणते. मायेला हे पक्कं ठाऊक होतं. पण मला तांडा नव्हता, म्हणून तिनं मला लिंब दिला. निर्मलेच्या हातातला दिवा तिरपा होऊन तेल सांडलं. मामा दारातून बाहेर आले. “ह्ये कोनं शिकवलं तुला?”

मी काही बोलायच्या आत नानीनं हात पुढं केला. माझ्या चेहऱ्यावरून बोटं फिरवली. भुवया, नाक, हनुवटी. नाकाशी जरा थांबली. मग त्यांच्या बोलीत मायेचं नाव घेऊन विचारलं, जमनीची का तू?

मी त्याच बोलीत हो म्हणाले. चार महिने माझ्या नाकाला नावं ठेवणाऱ्या बाया तिथंच उभ्या होत्या, माय. त्यांची तोंडं तू बघायला हवी होतीस.

नानी माझ्या गळ्यात पडून रडली. तुमच्यात भेटल्यावर रडतात ना तसं, सूर लावून, त्यात सगळं सांगत. तू पाण्याला गेलीस ती आली नाहीस, नेमसिंगनं मरताना दाराकडं बघितलं, तुझा घागरा उंदरांनी खाल्ला. मला त्या सुरात रडता येत नाही. ते तू शिकवलं नाहीस. मी नुसती तिला धरून उभी राहिले, आणि दिवा विझू नये म्हणून एक हात लांब धरला.

दुसऱ्या दिवशी मामा शाळेच्या दाराशी आले. आत येईनात. म्हणाले, “म्हातारीनं तोंडात घास घेतला न्हाई. जमनीला आन. नसाब मी बघून घेतो.” नसाब म्हणजे त्यांची पंचायत. मग जमिनीकडं बघत म्हणाले, “पर एकलीला आन. त्याला नको.”

मी म्हटलं, “मामा, मी बी त्यांचीच हाय.”

“तू मास्तरीन हायेस. तुझं येगळं.”

“कुटं येगळं? माझा कप वळचनीलाच हाय की.”

ते पाठ फिरवून निघून गेले. मला वाटलं, संपलं. जरा जास्तच बोलले असंही वाटलं. पण बाबा, तुम्हाला सोडून मायेला बोलावणारं आमंत्रण मी कोणत्या तोंडानं लिहून पाठवलं असतं? आणि न लिहिता गप बसले असते तर नानीच्या तोंडातला घास माझ्यामुळं गेला असता. रविवारचा सगळा दिवस मी खोलीत बसून हाच विचार करत होते. चूल पेटवली नाही.

सोमवारी निर्मलेला धरून नानी स्वतः शाळेत आली. म्हातारी घराबाहेर पडते हेच मला ठाऊक नव्हतं. बाकावर बसली, बाक हातानं चाचपला आणि विचारलं, “ही शाळा कोनाची?”

“सरकारची.”

“तांड्याची न्हाई?”

“न्हाई.”

“गावाची बी न्हाई. मंग हितं कोनाला बी बसता येतं ना?”

“येतं की.”

“मंग मी हितं येऊन बसते. तू दोघान्ला आन. त्यानं माझी लेक वीस वरसं सांबाळली. त्याचा आवाज तरी ऐकू दे.”

हे तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलंय, बाबा. पुन्हा एकदा वाचा, मायेसाठी. तुमच्यासाठीही.

मामांनी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. काल निर्मला निरोप घेऊन आली. आजोबा इचारून राहिले, शाळंत किती मानसं येनार, दूध किती ठेवायचं. मी म्हटलं, तीन माणसांचं. ती पळत गेली आणि पळत परत आली. म्हणाली, बरं म्हनले. आणि तुमचा कप कुटं ठिवला ते घरात कोनालाच सापडंना, आता सगळ्यांच्यातलाच घ्यावा लागंल म्हनले. मामा असे आहेत, माय. तूही अशीच आहेस. सरळ म्हणून काही सांगायचं नाही.

तर येत्या सात नोव्हेंबरच्या रविवारी या. गोरेगावहून सकाळच्या गाडीनं हिंगोली, तिथून नरसीची गाडी. मी थांब्यावर उभी असेन. गुडघ्याचं बघून बैलगाडी सांगितली आहे. शाळेची किल्ली माझ्याकडेच असते. माय, ट्रंकेतली ती आरशांची कांचळी आण. अंगात होणार नाही, पण नानीला हातानं बघू दे. बाबा, तुम्ही तुमचा पांढरा सदरा घाला आणि छातीवरचा अशोकचक्राचा बिल्ला काढू नका. जसे आहात तसेच या. लपवाछपवी मी चार महिने करून बघितली, ती करण्यासारखी नाही.

मनात येईल, म्हातारपणी कशाला अपमान ओढवून घ्यायचा. तसा तो होणारच नाही असं मी लिहून देऊ शकत नाही. एखादी बाई तोंड फिरवेल, एखादा उठून जाईल. पण तुम्ही आला नाहीत आणि एकटी माय आली, तर मी तिच्या शेजारी अर्धीच बसलेली असेन. मी दूध तीन माणसांचं सांगितलंय. मला खोटं पाडू नका.

आता शेवटचं. पत्र घेऊन दोघं घरामागं लिंबाखाली जा. जनकाकाकूला येऊ द्या हवं तर. आणि पुढची ओळ बाबा, तुम्ही माझ्या वतीनं मायेकडं बघून म्हणा:

याडी, तोन मेरा.

तिच्या पुढची ओळ मायेनं माझ्या वतीनं बाबांकडं बघून म्हणायची आहे. तिला वाचता येत नाही, पण ही तिला पाठ आहे. लिंबाला म्हटलं, हाळाला म्हटलं, परवा नानीलाही म्हटलं. ज्यांच्या दारात मी ते पहिल्यांदा म्हणायला हवं होतं, त्यांना आजवर कधीच म्हटलं नाही.

बापू, तोन मेरा.

तुम्हा दोघांची,
चांगुणा