गिटारची मशीन साफ केली तेव्हा

दादा, गिटारसाठी तुम्ही केलेली, आवाज वाढवणारी व्हॉल्व्हची मशीन अजून चालते. शाळेतून निवृत्त होऊन तुमच्या लेकीला बरीच वर्षं झाली. सकाळचा चहा झाला की मी गिटार मांडीवर आडवी घेते, बटण दाबते आणि व्हॉल्व्ह तापेपर्यंत मिनिटभर थांबते. हल्ली कुणाला एवढी सवड नसते, मला आहे. त्या मिनिटात तुमच्याशी थोडं बोलून होतं, आज म्हटलं लिहून बघावं.

आपल्या गावी, ताडकळसला, तुम्ही रेडिओ दुरुस्त करायचे आणि लग्नाकार्याला लाउडस्पीकर लावायचे. तुमची परीक्षा ठरलेली. मशीन तयार झाली की भोंगा दुकानाच्या पत्र्यावर बांधायचा, मला माइकपुढे 'हॅलो हॅलो' करत बसवायचं आणि स्वतः चालत बैलबाजाराच्या टोकाला जायचं. तिथून तुमचा हात वर झाला की मशीन पास. दुष्काळ सरला त्या वर्षी मी शाळेत नोकरीला लागले आणि पूर्णेच्या एका रेल्वेवाल्याची बदली झाली म्हणून त्याची हवाईयन गिटार आपल्या घरी आली; तारांवर पोलादी कांडी जिथे थांबेल तो सूर निघायचा. तिच्यासाठी तुम्ही जुन्या रेडिओच्या सामानातून मशीन जोडली आणि तिचीही परीक्षा तशीच घेतली. बैलबाजारापर्यंत आवाज गेला, पण फाटून गेला. प्रत्येक तारेमागे घरघर. तुम्ही मात्र खुशीत हात वर केलात.

आपल्या भीमगीतांच्या गायन पार्टीचे मुख्य गायक म्हणजे मामा. दोन तालमी त्यांनी माझी साथ सोसली, मग म्हणाले, "पोरी, तुजी गिटार माजे शब्द खायलीय. बुद्धपौर्णिमेपस्तोर मशीन साफ झाली तर ये. न्हाई तर बायकांत बसून टाळ्या वाजव." मी तडक दुकानात आले. गिऱ्हाइकं बसलेली होती. त्यांच्यासमोर मी तुम्हाला म्हणाले, "तुम्हाला भोंगा कळतो दादा, सूर कळत नाही." तुम्ही हातातला पेचकस खाली ठेवलात आणि समोरच्या माणसाला त्याच्या रेडिओचं काय झालंय ते शांतपणे सांगत राहिलात. मला आजही ते आठवलं की लाज वाटते.

पुढचे आठ दिवस तुम्ही दुकान उघडायच्या आधी माझी मशीन उलटी करून बसायचे. आयुष्यभर आवाज वाढवलेला माणूस आता कमी करायला शिकत होता. पहिला व्हॉल्व्ह बदलून कमी जोराचा बसवलात. त्याच्याजवळच्या, आवाज फुगवणाऱ्या एका कंडेन्सरचा तारेचा पाय कापून तो सुटा केलात. मग आवाजाला लगाम घालायला स्पीकरकडून एक तार उलट पहिल्या व्हॉल्व्हकडे नेलीत, आणि मशीनने अशी किंकाळी फोडली की आई पिठाच्या हातानेच बाहेर आली. तुम्ही हसलात. "उलटी जोडली मी," म्हणालात आणि ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारांची अदलाबदल केलीत. किंकाळी थांबली. घरघरही थांबली.

मला वाटलं आता तुम्ही निघालात बैलबाजाराला. पण तुम्ही आईला माझ्या शेजारी बसवलंत आणि म्हणालात, "ही वाजवंल, तू बोल. रोज बोलतीस तसंच."

"काय बोलू?"

"काही बी."

आई बोलायला लागली. "दळण आणायचंय. शेळीला चारा न्हाई. अन् ह्या माणसाला आठ दिस झाले, जेवायची शुद्ध न्हाई." मी वाजवत होते आणि तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. तुम्ही डोळे मिटून भिंतीला टेकला होतात. "आता तुजं तुला ऐकू यायलंय का?" एवढंच विचारलंत. मी "ठीक आहे" म्हणाले.

बुद्धपौर्णिमेला मामांनी मला शेजारी बसवलं. मागून कुणीतरी ओरडलं, "गिटार वाढवा." तुमचा हात बटणावरच होता, तो हलला नाही. लोक ऐकत राहिले. मी त्यानंतर वीस वर्षं त्या पार्टीत वाजवलं आणि सुखाने वाजवलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. मशीन साफ झाली त्या सकाळी मला माझं ऐकू आलं होतं, दादा. घरघर मशीनची होती, पण तिच्याखाली माझी कांडी जवळजवळ प्रत्येक सुराच्या अलीकडे थांबत होती. ते तुम्हीही ऐकलंत. आईसमोर नाही, मामांसमोर नाही, नंतर एकांतातही कधी बोलला नाहीत. पुढचे पंधरा दिवस मी पहाटे उठून त्याच सुरांवर कांडी का घासत होते, ते तुम्हाला नक्की माहीत होतं. आणि त्या सकाळी, आई दळणाचं बोलत असताना, घडीभर मला वाटलं होतं की तुम्ही तो कापलेला कंडेन्सर परत जोडावा आणि घरघर परत आणावी.